स्वीडन उगाच जिंकत नाही हो
वर कोणीतरी लिहिलंय की फ्लोअरबॉल म्हणजे हॉलमधली हॉकी आणि बायकांच्या वर्ल्डकपमध्ये स्वीडन उगाच भाव खातं. उगाच कसलं, २००७ ते २०२३ सलग नऊ वर्ल्डकप त्यांचेच, त्याआधी २००५ ला स्वित्झर्लंड. आणि हॉकी काय, बॉल पोकळ प्लास्टिकचा, भोकाभोकांचा, जेमतेम २३ ग्रॅम, आणि गोलकीपरकडे तर स्टिकच नसते, ती बिचारी गुडघ्यांवर बसून हातापायांनी अडवते. मला विचाराल तर बघण्यासारखी तीच! कोर्ट ४० बाय २० मीटर, म्हणजे हँडबॉलएवढंच, त्यामुळे आपल्या नाशकात हा खेळ सुरू करायला जागेचं रडगाणं नको, कडेच्या बुटक्या फळ्यांचं तेवढं बघावं लागेल, त्याला पैसे कोण काढणार ते बोला.