मदत हवी: जबड्याचं हाड मेलं म्हणतात, कारण कोणीच सांगत नाही

वैतागलेला_नागपूरकर: भावाची दाढ काढली, जखम भरूनच नाही राहिली. आत पिवळट हाड उघडं दिसते, जिभेला खरखर लागते. डॉक्टर म्हणे हाड मेलं, ऑस्टिओनेक्रोसिस. कशामुळे, ते सांगत नाहीत. लवकर सांगा, कोणाला दाखवू?

धंतोलीकर: वय? शुगर? खर्रा (सुपारी-तंबाखू)?

वैतागलेला_नागपूरकर: खर्रा कोण नाही खात भाऊ. शुगर नाही.

विदर्भकन्या: लवंग तेलाचा बोळा ठेवा. सासूबाईंना लगेच उतार पडला.

धंतोलीकर: मेलेल्या हाडाला लवंग काय करणार, ताई? हाडं ठिसूळ झाली की देतात ती झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅबची सुई घेतली का? तोंडाला रेडिएशन? नेहमीची कारणं हीच.

वैतागलेला_नागपूरकर: 29 वर्षांच्या पोराला हाडाची सुई कोण देते?

धंतोलीकर: वय आत्ता सांगता!

टेकडीवाला: म्युकर, म्हणजे काळी बुरशी. 2021 मध्ये कोविडनंतर असेच जबडे गेले लोकांचे. लिहून ठेवा.

बर्डीची_दंतू: म्युकर बहुतेक सायनसकडून वरच्या जबड्यात येतो. दाढ वरची की खालची? चेहऱ्याच्या एकाच बाजूला नागीण उठली होती का? त्यानंतरही हाड मरतं, दात आपोआप गळतात. नस मारायचं औषध भरलं होतं का? आर्सेनिकची जुनी पेस्ट बाहेर झिरपली तर हिरडीसकट हाड जाळते.

जुनाजाणता: पूर्वी काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडत. 1906 च्या बर्न करारात त्यावर बंदी आली.

टेकडीवाला: काका, पोरगा काड्या बनवत नाही.

वैतागलेला_नागपूरकर: खालची, उजवी. नागीण नाही, पेस्ट नाही. रक्त कमी असते लहानपणापासून, थंडीत हातपाय ठणकतात, ते सोडा.

बर्डीची_दंतू: ते कसं सोडू? सिकल सेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, तपासला का? विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक नसांत अडकतात, हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. खालच्या जबड्याला आधीच रक्त कमी. आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही साधी रक्तचाचणी, मग पक्कं करायला एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी चाचणी) करा. मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंडाच्या सर्जनला दाखवा, बायोप्सी नि कल्चरचं (जंतू तपासणीचं) विचारा. तोवर दुसरा दात काढू देऊ नका.

टेकडीवाला: सिकल असता तर लहानपणीच कळलं असतं.

बर्डीची_दंतू: सौम्य असला तर मोठेपणीही कळतो. आई-वडील दोघंही वाहक असतील नि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसेल.

वैतागलेला_नागपूरकर: आईला विचारलं. मामाच्या पोराला सिकल आहे म्हणे, घरात कोणी बोललंच नाही. उद्या भावाचं रक्त तपासायला देतो.

विदर्भकन्या: धरमपेठेत इम्प्लांट कितीला बसते, कोणी सांगेल का?