नाताळचे भाग वगळू नका

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे नाताळ विशेष भाग म्हणजे नुसती सणाची गंमत, नाही पाहिले तरी चालतात, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. २००५ मध्ये नवा डॉक्टर, म्हणजे मालिकेचा नायक, झालेला डेव्हिड टेनंट बराच वेळ पायजम्यात झोपूनच असतो, पण उठतो तो मन जिंकतच. मॅट स्मिथ (२०१३) आणि पीटर कपाल्डी (२०१७), या पुढच्या दोन्ही डॉक्टरांचे निरोप नाताळच्याच दिवशी. आणि २०१५ चा, डॉक्टरची बायको रिव्हर साँग हिचा भाग! २००८ मध्ये उल्लेख झालेले डॅरिलियम ग्रहावरचे गाणारे मनोरे तिथे अखेर दिसतात. तिथली एक रात्र चोवीस वर्षांची असते हे कळतं, तेव्हा दरवेळी माझा गळा दाटून येतो. मधली काही वर्षं विशेष भागाचा मान नववर्षदिनाकडे गेला होता. २०२३ ला नाताळकडे परतला, फार बरं झालं. नव्या भागाची वाट बघताना एवढे चार तरी बघाच.