शनिवारी नऊ जण, आणि आजींचं चीज

ए-३०१ ताई: मंडळी एक मदत हवीये. येत्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत आणि बाबांनी कधी नव्हे ते स्वतःहून सांगितलंय की इटालियन खायचंय, का ते विचारू नका मलाही माहीत नाही. आम्ही नऊ जण. त्यात आजी शाकाहारी म्हणजे अंडंसुद्धा नाही, दोन पोरं ज्यांना फक्त पिझ्झा कळतो, आणि आमचे हे जे मेनू उघडतात, बंद करतात आणि म्हणतात तूच सांग काय ते. कुठे जावं आणि काय मागवावं?

सेक्रेटरी काका: हॉटेलांची नावं ग्रुपवर टाकू नयेत ही विनंती. मागच्या वेळी नावांवरूनच दोन विंगांचं बोलणं बंद झालं होतं, ते अजून नीट सुरू झालेलं नाही.

ए-५०३: काका मग सांगायचं काय, वास घेत जा?

सी-६०२ दादा: नावाची गरजच नाही. ताई, मी सात वर्षं इटालियन किचनमध्ये काढलीयेत, आता ते काम सोडलं पण सवय जात नाही, म्हणून सांगतो, आधी मेनू बघ, आजकाल सगळ्यांचा ऑनलाइन असतो. आठ पानी मेनू, त्यात पिझ्झा पास्ता आणि शेवटी नूडल्स पण, असं दिसलं की समजायचं आत एक लाल सॉसचं पातेलं आणि एक पांढऱ्याचं, आणि पन्नास नावं त्या दोन पातेल्यांतूनच निघतात. सहा-सात पास्ते, तेवढेच पिझ्झे, दोन-तीन गोड, इतकाच मेनू असेल तर लक्षण चांगलं.

सी-६०२ दादा: आणि "कुठलाही पास्ता, कुठलाही सॉस निवडा" असं लिहिलेलं असेल तर मी तरी बाहेरच्या बाहेर परत फिरतो. तिकडे पास्त्याचा आकार सॉस बघून ठरतो, पातळ तेलकट सॉसला लांब पास्ता, घट्ट मटणाच्या सॉसला रुंद पट्ट्या किंवा नळ्या. इटलीतल्या बोलोन्या शहरात तर तालियातेल्ले नावाच्या पास्त्याची पट्टी शिजल्यावर ८ मिलीमीटर रुंद पाहिजे हे १९७२ साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलंय, आणि १९८२ साली रागूची, म्हणजे तसल्या घट्ट मांसाच्या सॉसची, कृतीपण. त्या गावात जाऊन स्पगेटी बोलोनेझ, म्हणजे तोच सॉस पण शेवयांसारख्या बारीक पास्त्यावर, मागितलं की वेटर आधी तुमच्या बुटांकडे बघतो.

बी-१०४ काकू: इतकं काय ते. मला क्रीमवाला पास्ता आवडतो आणि मी तोच खाणार.

सी-६०२ दादा: खा की काकू, कोण अडवतंय. फक्त गंमत म्हणून सांगतो, तुमच्या त्या क्रीमवाल्या पास्त्यात, म्हणजे अल्फ्रेदोत, मुळात क्रीम नव्हतंच. रोममधल्या अल्फ्रेदो दि लेलिओची गोष्ट अशी सांगतात की १९०८ च्या सुमारास बाळंतपणानंतर बायकोला अन्न जात नव्हतं म्हणून त्याने गरम पास्त्यात लोणी आणि किसलेलं चीज घालून दिलं, बस. मग १९२० मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे मूकपटातले स्टार हनिमूनला तिकडे गेले, त्यांना ते आवडलं आणि अमेरिकेत बोलबाला झाला. क्रीम तिथे शिरलं. लोणी, चीज आणि पास्ता उकळलेलं पिठाळ पाणी जोरात फेटलं की तसाच मऊ सॉस होतो, पण त्याला हात लागतो आणि वेळ लागतो, क्रीम ओतायला काही लागत नाही.

ए-५०३: मग कार्बोनारा पास्त्यात पण क्रीम नसतं ना? मी एकदा वेटरला हे सुनावलं होतं, बायको अजून बोलते त्यावरून.

सी-६०२ दादा: नसतं. अंडं, पेकोरीनो चीज, मिरी आणि ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस. पण फार तोऱ्यात राहू नकोस, १९५४ साली एका इटालियन मासिकात जी कृती छापून आली त्यात ग्रुयेर चीज आणि लसूण होता. पदार्थच दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा आहे, पण लोक असे भांडतात जसं काही रोमन सम्राट सकाळी नाश्त्याला खायचे.

बी-१०४ काकू: बघा, म्हणजे सगळं चालतं.

ए-३०१ ताई: दादा आजींचं सांगा ना. मी ठरवलंय त्यांना साधा मार्गरीटा पिझ्झा आणि नंतर पन्ना कोट्टा म्हणजे थिजवलेलं गोड क्रीम, दोन्हीत अंडं नाही, झालं काम.

सी-६०२ दादा: थांब. पन्ना कोट्टा जिलेटिनवर सेट करतात, ते प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येतं. कोणी समुद्री शेवाळातलं आगर वापरत असेल तर गोष्ट वेगळी, पण विचारल्याशिवाय नाही.

ए-३०१ ताई: अरे देवा

सी-६०२ दादा: आणि चीजचं पण आहे. दूध साकळायला रेनेट लागतं, आणि पार्मिजानो रेज्जानोत ते वासराच्या पोटातलंच असतं, तिथे नियमानेच दुसरं चालत नाही. पेकोरीनो रोमानोत कोकराचं. म्हणजे मेनूवर हिरवा ठिपका असला किंवा व्हेज लिहिलेलं असलं तरी वर खरं पार्मिजानो किसलं असेल तर ज्यांना हे चालत नाही त्यांना ते चालणार नाही.

बी-१०४ काकू: म्हणजे मी इतकी वर्षं काय खातेय????

बी-२०२ वहिनी: काकू घाबरू नका, तुम्ही खाल्लंय ते बहुतेक खरं पार्मिजानो नसेलच

बी-१०४ काकू: हे ऐकून बरं वाटायला पाहिजे की वाईट?

सी-६०२ दादा: हाहा वहिनींचं खरं आहे. युरोपियन युनियनमध्ये पार्मेजान हा शब्दसुद्धा फक्त पार्मिजानो रेज्जानोलाच वापरता येतो, २००८ साली त्यांच्या कोर्टाने तसा निकाल दिला. बाहेरच्या बऱ्याच देशांत कोणीही आपल्या चीजला पार्मेजान म्हणू शकतं, आणि त्यातली बरीचशी मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या, रेनेटने बनतात, ती चालतात. मोझ्झारेल्लाचं तसंच, दोन्ही प्रकारची मिळते. म्हणून वेटरला "व्हेज आहे का" असं विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणार, त्याला दिवसातून चाळीस वेळा विचारतात. "चीजमध्ये रेनेट कुठलं आहे, पाकीट दाखवता का" असं विचारायचं. चांगल्या ठिकाणी आतून पाकीट आणून दाखवतात. वाईट वाटून घेत नाहीत.

सी-६०२ दादा: आणि नाहीच दाखवलं तर आजींना मारिनारा पिझ्झा सांग. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह ऑइल, चीजच नाही. नाव ऐकून लोकांना वाटतं समुद्रातलं काहीतरी असेल, मासा बिसा काही नसतो. पास्त्यात आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि तेल. फक्त तो सुक्या पास्त्याचा करा म्हणायचं, कारण सुका पास्ता म्हणजे डुरम गव्हाचा रवा आणि पाणी, आणि ज्याला मेनूवर अभिमानाने "ताजा, हाताने बनवलेला" लिहितात त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. लोक ताजा म्हणजे भारी समजतात. दोन्ही वेगळे प्रकार आहेत, सुका काही गरीब भाऊ नाही.

ए-३०१ ताई: हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. अजून कशात लपलेलं असतं?

सी-६०२ दादा: सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे. न्योक्की म्हणजे छोटे उकडलेले गोळे, ते बटाट्याचे असले तरी कणिक बांधायला अंडं घालतात बरेच जण. पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, त्यात चीज. मिनेस्त्रोने सूपमध्ये कधी चिकनचा स्टॉक, कधी चीजचं कडक साल उकळायला टाकतात चवीला. तिरामिसू या कॉफीवाल्या गोडात कच्चं अंडं, आणि बऱ्याच ठिकाणी दारूपण, म्हणजे पोरांनाही विचारूनच. गोडात आजींना लिंबाचं सॉर्बे सांग, ते फळ साखर पाणी.

बी-२०२ वहिनी: मी पण एक घालते यात. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. ग्लुटेन-फ्री पास्ता मेनूवर असला तरी तो त्याच पाण्यात उकळत असतील जिथे बाकीचा उकळतो तर काही अर्थ नाही, वेगळं भांडं आहे का ते विचारायचं. आणि पिझ्झा ओव्हन असलेल्या किचनमध्ये पीठ हवेत उडत असतं, आम्ही तिथे पिझ्झाच्या नादाला लागतच नाही. रिसोत्तो खाते ती, तांदूळच असतो. त्यावरून आठवलं, एका ठिकाणी आमचा रिसोत्तो ऑर्डर दिल्यापासून सहा मिनिटांत टेबलावर, दादा हे शक्य आहे का?

सी-६०२ दादा: आधी अर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवलेला होता तो. कच्च्या तांदळापासून सतरा-अठरा मिनिटं लागतातच, कार्नारोली असो की आर्बोरिओ, थोडा थोडा स्टॉक घालत. खरं सांगायचं तर आम्हीही अर्धा करून ठेवायचो, शनिवारी रात्री इलाज नसतो, आणि नीट केलं तर वाईट लागत नाही. तुमचा कसा होता?

बी-२०२ वहिनी: प्लेट उलटी केली असती तरी पडला नसता.

सी-६०२ दादा: मग नीट नव्हता. प्लेट हलवली की लाटेसारखा पसरला पाहिजे, गोळा नाही.

सेक्रेटरी काका: विषय चालू आहे तर विचारतो. मध्यंतरी एका ठिकाणी पिझ्झा मधोमध ओला होता, सूपच म्हणा, आणि कडेला काळे डाग. मी परत पाठवला. वेटर हसला. मी चुकलो का?

सी-६०२ दादा: काका हाहाहा. तो नापोलीच्या, म्हणजे नेपल्स शहराच्या, पद्धतीचा असणार. १९८४ मध्ये तिकडे पिझ्झावाल्यांची संघटना निघाली, त्यांच्या नियमात लाकडाच्या भट्टीत साधारण ४८५ अंशाला ६० ते ९० सेकंद भाजायचा असं आहे, एवढ्या आगीत कड फुगते, डाग पडतात आणि मध्य ओलाच राहतो. २०१७ मध्ये त्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोच्या यादीत घेतलं. म्हणजे काका, तुम्ही जागतिक वारसा परत पाठवलात.

ए-५०३: काका मिनिट्समध्ये घ्या हे

सेक्रेटरी काका: पण कुरकुरीत नव्हता.

सी-६०२ दादा: नसतोच तो. कुरकुरीत हवा असेल तर रोमन पद्धतीचा पातळ मागायचा, त्यात काही कमीपणा नाही, मलाही तोच आवडतो. ताई पोरांना नापोलीवाला दिलास तर काटा-चमचा लागेल, हातात धरला की टोक लोंबतं आणि सगळं वरचं मांडीवर. आणि नऊ जण आहात तर सगळं एकदम मागवू नका. आधी दोन-तीन स्टार्टर मध्ये, मग चार पास्ते आणि तीन पिझ्झे, मग थांबा. पास्ता एकेक करून मधे ठेवायला सांगा. नऊ प्लेट एकदम आल्या की फोटो होईपर्यंत पास्ता स्वतःचा सॉस पिऊन बसतो आणि मग लोक म्हणतात कोरडा होता.

ए-५०३: आणि ट्रफल म्हणजे त्या महागड्या अळंबीच्या नावाला भुलू नका, मेनूवर प्रत्येक गोष्टीला ट्रफल लावतात, ते तेल बहुतेक वेळा लॅबमधल्या वासाचं असतं, त्यात ट्रफल नसतोच.

बी-१०४ काकू: मला तो वास आवडतो.

ए-५०३: काकू तुमच्यासाठी एक वेगळा ग्रुप काढूया.

सेक्रेटरी काका: रविवारी सकाळी ९ ते १२ बी विंगची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील. नोंद घ्यावी.

(रविवार)

ए-३०१ ताई: रिपोर्ट देते, सकाळपासून पर्सनलवर सगळे विचारतायत. मेनू एका पानाचा होता, दादांचं पहिलं लक्षण पास. वेटरला रेनेट विचारलं तर आधी गोंधळला, मग आत गेला आणि शेफ स्वतः मोझ्झारेल्लाचं पाकीट घेऊन आला, मायक्रोबियल लिहिलेलं होतं, आजींनी चष्मा लावून स्वतः वाचलं, दोनदा. वरून किसायचं चीज मात्र खरं पार्मिजानो होतं, शेफनेच सांगितलं की आजींच्या प्लेटला ते लागणार नाही. मग आजी निवांत झाल्या आणि अख्खा मार्गरीटा एकटीने संपवला. अख्खा. पोरांना एक तुकडा दिला नाही.

ए-३०१ ताई: पोरांनी पेपरोनी मागितला तर वेटर म्हणाला आमच्याकडे सलामी म्हणून आहे, इटालियनमध्ये पेपरोनी म्हणजे ढोबळी मिरची, कोणाला माहीत होतं हे?

सी-६०२ दादा: मला, पण काकू ओरडल्या असत्या म्हणून गप्प बसलो.

ए-३०१ ताई: आणि रिसोत्तोला वीस मिनिटं लागली, बाबा दर दोन मिनिटांनी किचनकडे बघत होते, आल्यावर मी प्लेट हलवून बघितली, पसरला! शेजारच्या टेबलवाले बघत होते. चूक एकच झाली, थांबून थांबून मागवा सांगितलं होतं तरी ह्यांनी पहिल्यांदाच स्वतः मेनू हातात घेतला आणि "ग्नोची" दोन प्लेट सांगून टाकली, वेटरने अगदी हळू आवाजात न्योक्की म्हटलं. दोन्ही प्लेट शेवटी डब्यात. आज दुपारी तव्यावर लोणी टाकून परतले, बाहेरून कुरकुरीत झाले, मला तर कालच्यापेक्षा जास्त आवडले.

बी-२०२ वहिनी: आणि बाबांना इटालियनच का हवं होतं ते कळलं का?

ए-३०१ ताई: हो. लग्नाआधी आईने त्यांना सांगितलं होतं की एकदा खायचंय. चाळीस वर्षं राहूनच गेलं म्हणाले. आईला स्वतःला आठवतच नव्हतं.

बी-१०४ काकू: अगं बाई. नाव पर्सनलवर पाठव.

बी-२०२ वहिनी: मला पण

ए-५०३: +१

सेक्रेटरी काका: मला पण. ग्रुपवर नको.