शिडाच्या जहाजावरचे दोर: कुठला कशासाठी?

गिरगावचा_गलबतवाला:
मंडळी, लाकडी जहाजाचं मॉडेल करतोय, एचएमएस त्रिंकोमाली, १८१७ला आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, आता इंग्लंडात हार्टलपूलला असते ती. बॉडी झाली, तिन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि मग रिगिंगचा प्लॅन उघडला तर डोकंच गरगरलं. एकेका शिडाला इतके दोर आणि सगळे खाली डेकवर येऊन बांधलेत. नावं पाठ केली, शीट ब्रेस लिफ्ट क्लूलाइन बंटलाइन, दुसऱ्या दिवशी सगळं सपाट. कोण काय करतं ते सोप्यात सांगा ना कोणीतरी. आणि काही दोर गाळले तर चालतील का? बायको म्हणते कोणाला कळणारे, पण मला कळेल ना!

रिटायर्ड_खलाशी:
नावं नंतर बघ. आधी दोन ढीग कर. जे दोर डोलकाठीला धरून ठेवतात ते कायमचे ताणलेले, बाजूचे श्राउड आणि पुढचे-मागचे स्टे. ते डांबर लावून काळे केलेले असायचे, तर मॉडेलवर काळा दोरा. हलणारे दोर वेगळे, ते फिकट.

आता हलणाऱ्यांत एकच प्रश्न विचारायचा, हा दोर कोणाच्या विरुद्ध ओढतो? प्रत्येकाला एक उलटा जोडीदार असतो. वरच्या चौकोनी शिडाचे खालचे दोन कोपरे शीट नावाचे दोर खाली ओढतात, खालच्या यार्डच्या (यार्ड म्हणजे शीड टांगायची आडवी काठी) टोकांपर्यंत. तेच कोपरे क्लूलाइन परत वर खेचते. बंटलाइन शिडाच्या पुढून खाली जाऊन खालच्या काठाला बांधलेली, ती ओढली की शीड बाल्कनीतल्या चिकाच्या पडद्यासारखं वर गोळा होतं. म्हणजे शीड उघडताना क्लूलाइन-बंटलाइन सोडायच्या आणि शीट ओढायची, मिटताना बरोब्बर उलटं. एका बाजूचा सोडायला विसरलात तर दुसऱ्या बाजूला माणसं नुसती लोंबकळत बसणार. हॅलयार्ड यार्ड वर चढवतो, लिफ्ट त्याची टोकं समतल ठेवते, आणि ब्रेस यार्डला डावीकडे-उजवीकडे फिरवतो. वारा कुठूनही असो, शीड त्याला योग्य कोनात धरणं हे ब्रेसचं काम, त्यामुळे बाकी काही गाळ पण ब्रेस गाळू नकोस.

वेसावकर_७८:
काका भारी सांगितलंत. आमच्याकडच्या जुन्या मचव्यांना एवढा पसारा नव्हता, एक तिरकी लांब परभाण (शीड बांधायची काठी), एक तिला वर चढवायचा दोर आणि एक शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याचा, बस. पण तो कोपऱ्याचा दोर कधी गाठ मारून पक्का बांधायचा नाही असं आजा सांगायचा, वाऱ्याचा झोत आला की झटकन सोडता आला पाहिजे, नाहीतर होडी आडवी. आणि वाऱ्याची बाजू बदलायची तर परभाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायची म्हणजे मेहनतीचं काम, म्हणून बरेचदा वारा पाठीवर घेऊन वळायचे. त्रिंकोमालीवर शंभरावर माणसं, मचव्यावर चारपाच डोकी, फरक पडणारच.

गिरगावचा_गलबतवाला:
जोडीदाराची आयडिया एकदम क्लिक झाली काका, आता प्लॅन वाचता येतोय. पण एक घोळ, पुढच्या दोन डोलकाठ्यांचे ब्रेस मागे जातात आणि शेवटच्या मिझनचे पुढे जातात. प्लॅन चुकलाय का? नेव्हीच्या तरंगिणी या शिडाच्या जहाजाचे फोटो झूम करून बघितले पण तिथे मिझनला यार्डच दिसत नाहीत.

रिटायर्ड_खलाशी:
प्लॅन बरोबर आहे. मिझनच्या मागे दुसरी डोलकाठीच नाही, ब्रेस अडकवणार कशाला? म्हणून ते पुढे मधल्या डोलकाठीकडे नेतात. तरंगिणी बार्क आहे, म्हणजे तिच्या मिझनला आडव्या यार्डवरची शिडं नाहीत, फक्त जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली, त्या काठीसाठी तिचा फोटो उपयोगाचा नाही.

खाली बांधताना बिलेइंग पिनला, म्हणजे रेलच्या भोकात बसवलेल्या खुंटीला, आठच्या आकारात वेढे. पिन उपसली की दोर आपोआप मोकळा, हीच त्यातली गंमत. क्रमही ठरलेला असायचा, साधारण वरच्या शिडाचा दोर रेलवर जास्त मागे, म्हणजे अंधारात चाचपूनसुद्धा सापडायचा.

दोरा_सुई_ठाणे:
गाळायचेच असतील तर शिडं गुंडाळलेली दाखवा, बंटलाइन बऱ्याचशा झाकल्या जातात. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, कॉटनला बारीक तंतू सुटतात आणि त्या स्केलला ते काथ्याएवढे जाड दिसतात. कॉटनच वापरणार असाल तर आधी मेणावरून ओढून घ्या. आणि जाडी तीनचार प्रकारची ठेवा, सगळीकडे एकच दोरा लावला की मॉडेल लगेच खेळण्यासारखं वाटतं.