पॅन्क्रियाटायटिसमध्ये शरीर थंड करतात का?

झोपमोड: काकांना अक्यूट पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज) झालाय, आयसीयूत आहेत, ताप १०१ च्या वर. कुठेतरी वाचलं की शरीर थंड केलं की सूज उतरते, तर डॉक्टरांना विचारू का? की बर्फाच्या पट्ट्या आपणच ठेवायच्या?

चहाबाज: बर्फ वगैरे अजिबात नको!! कुडकुडायला लागले की शरीर उलट जास्त ऑक्सिजन जाळतं.

रात्रपाळी: आयसीयूत काम करते म्हणून सांगते. कल्पना अगदीच हवेतली नाहीये, थंडीत एन्झाइम आणि सूज वाढवणारी रसायनं मंदावतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत फायदा दिसलाय. पण माणसांत पुरेसा पुरावा नाही, त्यामुळे नेहमीच्या उपचारांत ते नाही. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या पण शुद्धीवर न आलेल्या पेशंटला आधी ३२ ते ३६ डिग्री सेल्सिअसवर ठेवायचे, तेही भूल देऊन, सतत मॉनिटर लावून; आता तिथेही बऱ्याचदा फक्त ताप येऊ न देण्यावर भर असतो. थंड केल्यावर रक्त गोठायला उशीर, हृदयाचे ठोके बिघडणं, इन्फेक्शन, हे सगळं मागे लागतं. आणि गंमत बघा, थंडीने गारठलेल्या माणसाला कधीकधी पॅन्क्रियाटायटिसच होतो!

झोपमोड: बापरे, मग विचारायचं काय?

रात्रपाळी: कारण काय ते विचारा, पित्ताचे खडे की दारू की ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी). सलाइन मोजूनमापून चाललंय ना तेही, कारण २०२२ च्या वॉटरफॉल ट्रायलमध्ये (याच आजाराच्या पेशंटवरचा अभ्यास) भरमसाट सलाइनने फायदा नाही, उलट अंगात पाणी साठलं. ताप पहिल्या आठवड्यात सूजेमुळेही येतो, नंतर आला तर इन्फेक्शन शोधतात.

चहाबाज: आणि तोंडाने किंवा नळीने खाणं कधी सुरू करणार तेही विचार, उगाच उपाशी ठेवत नाहीत आता.