मदत हवी आहे: आठवीला आकृतिबंधावरून सूत्राकडे कसं न्यावं? रिक्षाच्या भाड्यात गाडी अडली आहे

चौकटवही:
आठवीचा वर्ग, 42 मुलं, हाताशी पाच तासिका. काड्यांच्या चौकोनांपासून सुरुवात केली: एका चौकोनाला 4 काड्या, दोन जोडून 7, तीन जोडून 10. तक्ता मुलं भराभर भरतात. पण '10 चौकोनांना किती?' विचारलं की निम्मा वर्ग 5 चौकोनांच्या 16 काड्यांची दुप्पट करून 32 सांगतो.

मग मुंबईच्या रिक्षाचं भाडं घेतलं (फेब्रुवारी 2025 पासूनचं: पहिल्या 1.5 किमीला 26 रुपये, पुढे किमीला 17.14). मुलांनी 26 + 17.14 × किमी असं सूत्र मांडलं. त्याने 5 किमीला 111.70 रुपये होतात, खरं भाडं 86. वर्गात हाताने करता येतील अशी उदाहरणं आणि त्यांचा क्रम सुचवा.

मोजपट्टी:
रिक्षा तूर्त बाजूला ठेवा, तिच्याकडे शेवटी या.

आधी ते 32. 'चूक' म्हणून खोडू नका. 5-5 चौकोनांच्या दोन पट्ट्या बाकावर मांडायला लावा आणि एकमेकींना चिकटवायला सांगा. जोडावर दोन उभ्या काड्या एकावर एक येतात, एक उचलावी लागते. 16 + 16 − 1 = 31. दुप्पट का चालत नाही, हे ती हातात आलेली काडीच सांगते.

दुसरं, 'किती काड्या?' विचारण्याआधी 'कशा मोजल्या?' विचारा. फळ्यावर तीन प्रकार तरी यायला हवेत:
4 + 3(न − 1): पहिला चौकोन पूर्ण, मग प्रत्येकी तीन.
1 + 3न: डावीकडे एक उभी काडी, मग तीन-तीन काड्यांचे उघडे चौकोन.
न + न + (न + 1): वरच्या, खालच्या आणि उभ्या.
तिन्ही सोडवून 3न + 1 होतात. कंस सोडवण्याचं कारण मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं, म्हणून यावर पूर्ण तासिका गेली तरी चालेल.

तक्ता 1, 2, 3, 4 असा सलग देऊ नका. सलग दिला की मुलं उजव्या रकान्यात नुसते 3 मिळवत खाली उतरतात, डावा रकाना बघतच नाहीत. 1, 2, 3, 7, 20, 100 असा द्या.

त्यानंतर चहाचे कागदी पेले. एकात एक घालून उंची मोजायची. समजा एक पेला 9 सेंमी आणि पुढचा प्रत्येक पेला 0.8 सेंमी भर घालतो, तर उंची = 8.2 + 0.8न. हे 8.2 म्हणजे काठ वगळून उरलेला पेला. बोट ठेवून दाखवा. प्रश्न असा: 30 सेंमी उंच खोक्यात उभी चळत किती पेल्यांची मावेल? 27.
इथे बिघडतं ते मोजमाप. एकेका पेल्याची वाढ पट्टीने मोजली तर कुणाला 7 मिमी मिळतात, कुणाला 9. म्हणून 1 पेला आणि 11 पेले मोजा आणि फरकाला 10 ने भागा. पेले दाबून बसवू नका, दाबले की काठ आत सरकतो.

खडूफळा:
रिक्षाबद्दल. बहुतेक जण हे उदाहरण 'ठरावीक रक्कम + दर' म्हणून शिकवतात. ते तसं नाहीच! 17.14 × 1.5 = 25.71, म्हणजे 26 ही वेगळी फी नसून दीड किलोमीटरचंच भाडं आहे, रुपयात पूर्ण केलेलं. मुलं ते दुसऱ्यांदा मोजतात. आलेख काढा: दीड किमीपर्यंत आडवी रेघ, मग चढ. चढाची रेघ मागे वाढवली तर जवळजवळ शून्यातून जाते. सूत्र दोन तुकड्यांत लिहावं लागतं; दुसरा तुकडा 26 + 17.14 × (किमी − 1.5).

जोडीला विजेचं बिल घ्या. खरे दर बदलत राहतात, म्हणून सोपे धरा: पहिल्या 100 युनिटना 5 रुपये, पुढच्यांना 10. 120 युनिटचं बिल किती? ठरलेलं चुकीचं उत्तर 1200. 'मग 100 चं 500 आणि 101 चं 1010?' एवढंच विचारा. बरोबर उत्तर 700. आलेखाची रेघ 100 पाशी वाकते, तुटत नाही.

चौकटवही:
काडीची युक्ती उद्याच करते. दोन शंका: आलेखावरचे ठिपके जोडायचे की नाही? आणि 'पहिली तीन पदं जुळली म्हणजे नियम पक्का' ही समजूत कशी मोडायची?

मोजपट्टी:
अडीच पेले नसतात, म्हणून पेल्यांचे ठिपके सुटे. अडीच किलोमीटर असतात, तिथे जोडा.

दुसऱ्यासाठी वर्तुळ. परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक जोडी रेषेने जोडायची आणि आतले भाग मोजायचे. 1 ते 5 बिंदूंना 1, 2, 4, 8, 16. सहाव्याला सगळे 32 वर पैज लावतील, येतात 31. फक्त सहा बिंदू समान अंतरावर घेऊ देऊ नका. तसे घेतले तर तीन कर्ण मध्यभागी एकाच बिंदूत छेदतात, एक भाग नाहीसा होतो आणि उत्तर 30 येतं. वर्तुळ मोठं हवं, किमान 8 सेंमी त्रिज्येचं, नाहीतर मधले बारीक तुकडे मोजताना सुटतात. मोजलेल्या तुकड्यात पेन्सिलीने आकडा लिहायला सांगा.