मदत हवी आहे: ४०० किमीवरचा क्यूबसॅट खाली येतच नाही

३यू क्यूबसॅट (१० सेंमीचे तीन घन जोडल्याएवढा छोटा उपग्रह) कक्षेत किती काळ टिकेल ते काढायचंय. वर्तुळाकार कक्षा, वस्तुमान ४ किलो, ड्रॅग (हवेचा अडथळा) गुणांक २.२, क्षेत्रफळ ०.०३५ चौ.मी. हवेची घनता एनआरएलएमएसआयएसई-०० या वातावरणाच्या मॉडेलच्या सी भाषेतल्या आवृत्तीतून घेतली (सूर्याच्या रेडिओ उत्सर्जनाचा निर्देशांक एफ१०.७ = १५०, भूचुंबकीय हालचालीचा निर्देशांक एपी = ४). सरासरी ३ × १०^-१५ येते, पण उंची दिवसाला जेमतेम २६ सेंमी घटते! कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
एककात. मॉडेल घनता ग्रॅम प्रति घन सेंमीमध्ये देतं, तुम्ही ती किलो प्रति घनमीटर समजून वापरलीत. कोडमधल्या एककं ठरवणाऱ्या स्विचेस[०] ला १ द्या किंवा १००० ने गुणा. हाताने पडताळा (μ पृथ्वीचा गुरुत्वीय स्थिरांक, a कक्षेची त्रिज्या): घनता × (गुणांक × क्षेत्रफळ ÷ वस्तुमान) × √(μa) = ३×१०^-१२ × ०.०१९ × ५.२×१०^१०, म्हणजे सेकंदाला ३ मिमी, दिवसाला साधारण २६० मीटर. गडगडत फिरणाऱ्या ठोकळ्याला एकूण पृष्ठफळाचा चौथा हिस्सा धरतात, त्यामुळे क्षेत्रफळ बरोबर आहे.

प्रतिसाद २
एकक सुधारल्यावरही इनपुट तपासा, खरी गोची तिथेच होते. एफ१०.७ आदल्या दिवसाचा लागतो आणि सोबत त्या दिवसाभोवतीची ८१ दिवसांची सरासरी. दोन्ही प्रत्यक्ष मोजलेले हवेत; १ खगोलीय एककाला (सूर्य-पृथ्वीच्या सरासरी अंतराला) जुळवलेला स्तंभ उचललात तर जानेवारी-जुलैत सुमारे ३ टक्के फरक पडतो. एपीच्या जागी केपी (त्याच हालचालीचं वेगळ्या मापावरचं रूप) तर मुळीच नको: केपी ४ म्हणजे एपी २७. ड्रॅगसाठी मॉडेलमधलं जीटीडी७ऐवजी जीटीडी७डी हे फंक्शन वापरा. ५०० किमीच्या वर विसंगत ऑक्सिजन (उष्ण अणू व आयन) त्यातच धरला जातो.

प्रश्नकर्ता
स्विच बदलला, २६२ मीटर आले. खूप आभार! आता उंचीला २६२ ने भागून आयुष्य काढू का?

प्रतिसाद २
नको. खाली येताना घनता वाढत जाते, म्हणून गणनेच्या प्रत्येक कालपायरीला नव्या उंचीची घनता घ्या. २०० किमीखाली पायरी मिनिटांवर आणा. वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं हेही धरा: विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेल्या कक्षेत ड्रॅग सुमारे ८ टक्के कमी होतो. आणि एकच तारीख सांगू नका. एफ१०.७ ७०, १५०, २०० धरून तीनदा गणना करा, शिवाय एपी वाढवून भूचुंबकीय वादळाची चौथी. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौम्य भूचुंबकीय वादळातही २१० किमीवर सोडलेल्या ४९ पैकी ३८ स्टारलिंक (स्पेसएक्सचे इंटरनेट) उपग्रह गमावले गेले. ड्रॅग आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला होता.